ताटातले अन्न आणि डोळ्यांतला उजेड



या त्रैमासिकात आपण दर वेळी कामाचा अहवाल वाचता आणि सोबत एखादा अभ्यास असतो. या वेळी अभ्यासासाठी मी पवित्र शास्त्राच्या शेजारी एक जेवणाचे ताट ठेवणार आहे. आपण जे खातो त्याचा आपल्या डोळ्यांशी काय संबंध आहे आणि आयुष्यभर पाठ न सोडणाऱ्या आजारांशी काय संबंध आहे, हा आजचा विषय आहे. लेख घरी, महिला मंडळात किंवा तरुण संघात मिळून वाचता यावा म्हणून शेवटी प्रश्न दिले आहेत.

विषय आरोग्याचा असला तरी सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

शिमग्याला भेटलेला मुलगा

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके आपल्यापैकी अनेकांना प्रार्थनेच्या यादीतून ठाऊक आहेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर रस्ते आले, अंगणवाड्या आल्या, योजना आल्या. पण दिवाळी झाली की आजही पाड्यांवरची अनेक घरे कुलूप लावून किंवा म्हाताऱ्यांवर सोपवून वीटभट्टीच्या कामाला निघतात. शिमग्याला चार दिवस माणसे परत येतात, सण करतात, पुन्हा भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या दिवसांत मी अशाच एका पाड्यावर गेले होते. संध्याकाळी अंगणात मुले जमली. चारेक वर्षांचा एक मुलगा बहिणीच्या झग्याचे टोक धरून उभा होता. मी बोलावले तर तो पुढे येईना. बहिणीने ढकलल्यावर दोन पावले चालला आणि खाटेच्या पायाला अडखळून पडला. मुले हसली. मला वाटले, पोर लाजाळू आहे. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून त्याच्या हातात दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या घराकडे गेले.

वैशाखात कुटुंब भट्टीवरून परत आले, तेव्हा त्याची आई स्वतःच मला शोधत आली. म्हणाली, "ताई, पोराला सांज झाली का दिसत नाही. भगताला दाखवला. आता डोळाच उघडत नाही." तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर बॅटरी धरून मला एक गोष्ट दाखवली. पांढऱ्या बुबुळाच्या कडेला साबणाच्या फेसासारखा राखाडी-पांढरा ठिपका होता. उजव्या डोळ्याची काचच मऊ पडून त्यावर जखम झाली होती. उपचार लगेच सुरू झाले. डावा डोळा वाचला. उजव्यात कायमचे फूल पडले.

डॉक्टरांनी आईला विचारले, "अंधारात चाचपडतो हे कधीपासून?" तिने सांगितले, "भट्टीवर गोवर आला होता, तेव्हापासून." म्हणजे शिमग्याला तो लाजत नव्हता. त्याला मी दिसतच नव्हते. मी एक समाजसेविका, वीस वर्षे या डोंगरात फिरणारी. समोर आजार उभा होता आणि मी त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवून पुढे गेले. तेव्हापासून मी हा विषय नव्याने शिकले. ते शिकलेले आपल्यापुढे ठेवते.

डोळ्याला अन्न कशासाठी लागते?

डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो. त्या पडद्यात मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींमध्ये एक रंगद्रव्य असते. उजेड पडला की ते रंगद्रव्य विरते आणि त्यातूनच दिसण्याचा संदेश मेंदूकडे जातो. पुढच्या क्षणासाठी ते पुन्हा तयार व्हावे लागते. ते तयार होण्यासाठी अ जीवनसत्त्व हवे. शरीरात ते कमी पडले की पहिला फटका संध्याकाळच्या नजरेला बसतो. दिवसा मूल नेहमीसारखे खेळते, दिवेलागण झाली की एका जागी बसून राहते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो.

हेच जीवनसत्त्व डोळ्याच्या वरच्या ओलसर आवरणालाही हवे असते. ते न मिळाल्यास डोळ्याचा पांढरा भाग कोरडा आणि निस्तेज होतो, सुरकुतल्यासारखा दिसतो. मग तो फेसाळ ठिपका येतो. फ्रेंच वैद्य बिटो यांनी १८६३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बिटोचा ठिपका म्हणतात. इथपर्यंत डोळा वाचवता येतो. त्यापुढे काळ्या बुबुळावरची पारदर्शक काच कोरडी पडते, मऊ होते आणि फुटूही शकते. ही शेवटची पायरी काही वेळा अगदी थोड्या दिवसांत गाठली जाते, विशेषतः गोवर किंवा जुलाब झाल्यावर. कारण गोवरात शरीरातला अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपतो आणि नेमके त्याच दिवसांत मूल खात नाही.

अ जीवनसत्त्वाचे काम डोळ्यापुरते नाही. आतड्याचे आणि श्वासनलिकेचे आतले अस्तर त्याच्यावर अवलंबून असते. इंडोनेशियात काम करताना डॉ. आल्फ्रेड सॉमर यांच्या लक्षात आले की सौम्य रातांधळेपणा असलेली मुले इतर मुलांपेक्षा जास्त मरतात. १९८३ साली त्यांनी हे मांडले. पुढे १९८६ साली तिथल्याच आचे प्रांतातील चाचणीचे निष्कर्ष आले. अ जीवनसत्त्वाचे डोस दिलेल्या गावांत लहान मुलांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. म्हणून संध्याकाळी अडखळणारे मूल दिसले तर केवळ डोळा धोक्यात आहे असे समजू नये. सारे मूलच धोक्यात असते.

आपल्या देशात हा डोस देण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराच्या लशीबरोबर पहिला डोस एक लाख युनिटचा, त्यानंतर दीड वर्षाच्या सुमारास दोन लाखांचा आणि मग दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, असे पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस मिळतात. आपले यकृत हे जीवनसत्त्व काही महिने साठवून ठेवते, म्हणून सहा महिन्यांचे अंतर चालते. पण जे कुटुंब वर्षातले सहा महिने भट्टीवर असते त्याचे काय? डोसच्या दिवशी मूल पाड्यावर नसते, आणि भट्टीच्या गावातल्या यादीत त्याचे नाव नसते. आमच्या या मुलाचे कार्ड पाहिले तेव्हा लागोपाठचे दोन डोस कोरे होते. कोणी मुद्दाम चुकवले नव्हते. तो दोन गावांच्या मधल्या फटीत पडला होता.

पोट भरलेले, पण ताट रिकामे

या मुलाची आई मला म्हणाली, "ताई, उपाशी नाही ठेवला कधी." ती खरेच बोलत होती. भट्टीवर दोन्ही वेळ भात होता, सोबत मिरचीचे पाणी किंवा पातळ डाळ. पोट भरत होते. पण पांढऱ्या तांदळात अ जीवनसत्त्व नसते.

जुन्या माणसांना विचारले की ते वेगळे ताट सांगतात. नागलीची भाकर, उडदाचे किंवा कुळथाचे कालवण, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, माठ, करटोली, ओढ्यातले खेकडे आणि बारके मासे, वैशाखात आंबे आणि करवंदे, दाराशी शेवगा. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. नागलीनेही अ जीवनसत्त्व मिळत नाही, हे खरे आहे. पण नागलीच्या भाकरीबरोबर पालेभाजी खावीच लागते, कोरडी भाकर घशाखाली उतरत नाही. भात नुसत्या मिठावरही उतरतो. जंगल आटले, वरकस जमिनीवरची नागली कमी झाली, आणि पाल्याची जागा हळूहळू मिठाने आणि पाच रुपयांच्या पुड्यांनी घेतली.

आपण शहरातील माणसे पटकन म्हणतो, "यांना काही कळत नाही." योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे पाहून प्रभूला जो प्रश्न विचारला, तो याच जातीचा होता. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांवरचाही दोष काढून टाकला आणि लगेच कामाला हात घातला. ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम करताना मी या अध्यायावर निबंध लिहिला होता. दवाखान्याच्या बाकावर त्या आईशेजारी बसले तेव्हा तो अध्याय मला कळला. तिच्या मनातही हाच प्रश्न होता, माझे काय चुकले? भगताने तिला एक उत्तर दिले होते. आपण तिला दुसऱ्या शब्दांत तेच उत्तर देऊ नये.

दुसरे टोक : माझ्या घरातली गोष्ट

आता आपल्या ताटाकडे येऊ. माझे वडील नगर जिल्ह्यात शाळामास्तर होते आणि मंडळीचे वडीलही. त्यांना पन्नाशीत मधुमेह निघाला. गोळ्या घेत, पण उपासनेनंतरच्या चहाला नाही म्हणत नसत. लग्न, बाप्तिस्मा, वाढदिवस, घरभेट, सगळीकडे साखरेचा चहा आणि केक. "प्रेमाने देतात, मोडवत नाही," असे त्यांचे उत्तर. डोळे दुखत नव्हते, लाल होत नव्हते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. एका रविवारी शास्त्रपाठ वाचताना ओळींमध्ये काळे डाग तरंगू लागले. तपासणीत पडद्यावर रक्त उतरलेले निघाले. लेसरने उरलेली नजर टिकली, गेलेली परत आली नाही. शेवटची सहा वर्षे आई त्यांना वाचून दाखवत असे.

मधुमेहात असे का होते? रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्या पाझरतात, बंद होतात, मग त्यांच्या जागी नव्या पण नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, हाच यातला मोठा धोका आहे. उच्च रक्तदाबानेही याच वाहिन्या बिघडतात. साखर वरखाली झाली की डोळ्यातले भिंग फुगते आणि चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो. मधुमेही माणसाला मोतीबिंदूही लवकर होतो. जे डोळ्यांत घडते तेच मूत्रपिंडातल्या आणि पायांच्या नसांतल्या बारीक वाहिन्यांत घडत असते. म्हणून डोळ्याचा पडदा तपासणे म्हणजे साऱ्या शरीराच्या खिडकीतून आत पाहणे आहे.

आयसीएमआरने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या मंडळीतल्या प्रत्येक बाकावर याचा कोणी ना कोणी साक्षीदार आहे.

दोन्ही टोके जुळतात ती आईच्या पोटात

कुपोषण पाड्यावरचे आणि मधुमेह शहरातला, अशी वाटणी मीही करत असे. ती बरोबर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. तिथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही लहानखुरी बाळे स्नायूंनी जेवढी कमी होती तेवढी चरबीने कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी धरलेली. असे शरीर पुढे थोड्याशा जादा खाण्यानेही मधुमेहाकडे झुकते. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली. ज्या माता गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे अधिक चांगल्या आकाराची होती.

याचा अर्थ लक्षात घ्या. आज पाड्यावर अर्धपोटी असलेल्या गरोदर बाईचे बाळ उद्या तरुणपणी शहरात नोकरीला गेले, बसून काम करू लागले, वडापाव आणि गोड चहावर राहू लागले, तर चाळिशीत त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरू शकते. आमच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या मुलांपैकी काहींना तिशीतच साखर निघाली आहे, तेव्हा हे पुस्तकातले बोलणे नाही. उपासमार आणि अतिखाणे हे दोन वेगळे रोग मानू नयेत. एकाच गरीब ताटाची ती दोन वये आहेत.

मग ताटात काय असावे?

अ जीवनसत्त्व दोन रूपांत मिळते. अंड्याचा पिवळा बलक, दूध, कलेजी आणि अख्खे खाल्ले जाणारे छोटे मासे यांत ते तयार स्वरूपात असते. हिरव्या पालेभाज्या आणि पिवळी-केशरी फळे यांत त्याचा कच्चा माल असतो आणि शरीर त्यातला थोडाच भाग बदलून घेते. म्हणून पालेभाजी महिन्यातून एकदा खाऊन भागत नाही. ती जवळजवळ रोज हवी. शेवग्याचा पाला, माठ, अंबाडी, अळू, तांबडा भोपळा, पिकलेली पपई, पिकलेला आंबा, केशरी गराचे रताळे ही आपल्या मातीतली औषधे आहेत.

चार गोष्टी आमच्या कार्यकर्त्या घरोघरी सांगतात :

पहिली, पालेभाजीला चमचाभर तेल हवेच. अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. नुसती उकडलेली भाजी आरोग्याची, असे समजू नये.

दुसरी, भाजी फार वेळ शिजवू नये आणि साठवणीसाठी वाळवायची तर सावलीत वाळवावी. कडक उन्हात तिचा गुण जातो.

तिसरी, बाळंतपणानंतरचे पहिले पिवळे दूध पिळून टाकू नये. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, त्यानंतर दुधाबरोबर मऊ भातात कालवलेला भोपळा, पपई, अंडे.

चौथी, गोवर किंवा लांबलेले जुलाब झालेल्या मुलाला दवाखान्यात दाखवलेच पाहिजे. गोवरात अ जीवनसत्त्वाचा वेगळा डोस देतात.

आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसाठी? वेगळे काही दुकानातून आणायला नको. जे ताट पाड्यावरच्या मुलाचा डोळा वाचवते, तेच थोड्या फरकाने आपला वाचवते. अर्धे ताट भाजीचे, त्यातली निम्मी हिरवी. भात किंवा भाकर बेताची. सोबत डाळ, उसळ, अंडे किंवा मासा. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतलेही मीठ मोजायचे. तंबाखू पूर्ण बंद, कारण तंबाखू मोतीबिंदूला आणि पडद्याच्या झिजेला हातभार लावते. दर वर्षी डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. माझ्या वडिलांनी दोनदा चष्मा बदलला होता.

काही गैरसमज

गाजर खाल्ल्याने चष्मा जात नाही. ज्याच्या शरीरात अ जीवनसत्त्व पुरेसे आहे त्याची नजर जास्त गाजरे खाऊन तीक्ष्ण होत नाही. मोतीबिंदू आहाराने किंवा थेंबांनी विरघळत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. काचबिंदूचा आहाराशी असा सरळ संबंध नाही, तो वेळेवर तपासूनच कळतो.

अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. जास्त झाले तर ते शरीरात साठून विषासारखे काम करते, आणि गरोदर स्त्रीने मोठा डोस घेतल्यास बाळात व्यंग येऊ शकते. अन्नातल्या पालेभाज्यांपासून हा धोका नाही.

डोळ्यात मध, पाल्याचा रस, चीक, दूध काहीही घालू नये. कोरड्या पडलेल्या काचेवर अशा थेंबाने जखम चिघळते. प्रार्थना करून तेल डोळ्यात घालणारेही मला भेटले आहेत. प्रार्थना जरूर करा आणि रुग्णाला घेऊन दवाखान्याची गाडी पकडा. या दोन गोष्टींचे आपसात भांडण नाही.

"तिला खायला द्या"

मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. आपण तिच्यावरचे उपदेश पुष्कळ ऐकतो, पण ते बहुधा मुलगी उठून चालू लागते तिथे संपतात. प्रभू मात्र तिथे थांबला नाही. घरातली माणसे आश्चर्याने थक्क झाली होती, आणि त्या गडबडीत मुलीला भूक लागली असेल हे फक्त त्याच्या लक्षात आले. तिला खायला देण्यास त्याने सांगितले. १ राजे १९ मध्ये खचून झाडाखाली पडलेल्या एलीयाचेही तेच. देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खायला दिले. पर्वतावरचे बोलणे त्यानंतर झाले.

आम्ही मिशनची माणसे कधी कधी क्रम उलटा करतो. आधी बोलतो, मग खाऊ वाटतो. आणि तो खाऊ कोणता? मागच्या नाताळापर्यंत आपल्या देणग्यांतून आम्ही पाड्यांवर बिस्किटे, वेफर्स आणि मैद्याचा केक वाटत होतो. मुले आनंदाने नाचायची, फोटो चांगले यायचे आणि ते आपण याच त्रैमासिकात पाहिले आहेत. त्या मुलाच्या डोळ्यात फूल पडल्यापासून ते फोटो मला बघवत नाहीत. दोन पुड्यांच्या पैशांत जवळपास एक अंडे येते.

म्हणून यंदापासून आम्ही तीन बदल केले आहेत. नाताळच्या पिशवीत आता अंडी, शेंगदाणे, गूळ आणि अर्धा लिटर तेल असेल. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून पाच दिवस पालेभाजी आणि तीन दिवस अंडे असेल आणि मागच्या मोकळ्या जागेत शेवगा, पपई व भोपळा लावला आहे. आणि दिवाळीआधी भट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मुलांचे कार्ड पाहून, राहिलेला डोस आशाताईंकडून निघण्यापूर्वीच देण्याची विनंती आम्ही करतो. शिमग्याला माणसे परत आली की दिवेलागणीच्या वेळी पाड्यावर थांबतो आणि मुलांना अंगणातून पलीकडे आईकडे चालत जायला सांगतो. खेळच असतो तो. अडखळणारे मूल लगेच कळते.

सरकारच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. आम्ही त्याला पर्याय उभा करत नाही. ते ज्याचे त्याला मिळते का, हे मातांबरोबर जाऊन पाहणे हे आमचे काम आहे.

तो मुलगा आता सहा वर्षांचा आहे आणि पाड्यावरच्या शाळेत जातो. एका डोळ्याने अक्षरे वाचतो. मागच्या महिन्यात मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले, तेव्हा अंगणातून धावत आला आणि म्हणाला, "ताई, काय आणलंस?" मी पिशवीतून पपई काढली. त्याने नाक मुरडले. बिस्किटच हवे होते त्याला. आईने पपई कापली आणि आम्ही तिघांनी अंगणात बसून खाल्ली.

मिळून चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. याईराच्या मुलीला खायला देण्यास प्रभूने सांगितले, यातून त्याचे कोणते मन दिसते? आपल्या मंडळीच्या सेवेत याला कुठे जागा आहे?

२. योहान ९ मधील शिष्यांचा प्रश्न आपण गरीब किंवा आजारी माणसाबद्दल कोणत्या शब्दांत विचारतो?

३. उपासनेनंतरच्या चहापाण्यात कोणता एक बदल आपण या महिन्यापासून करू शकतो? मधुमेही व्यक्तीला न लाजवता तो कसा करता येईल?

४. आपल्या घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांचा पडदा शेवटचा केव्हा तपासला? आठवत नसेल तर या आठवड्यात कोण घेऊन जाईल?

५. कालच्या दोन्ही जेवणांत आपल्या ताटात हिरवे काय होते?

प्रार्थनेसाठी विषय

भट्ट्यांवर असलेल्या लेकरांसाठी, गोवर आणि जुलाबापासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून प्रार्थना करा. पायपीट करून डोस पोहोचवणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताईंसाठी प्रार्थना करा. वसतिगृहातील स्वयंपाक करणाऱ्या भगिनींसाठी प्रार्थना करा, कारण वरचे सगळे बदल त्यांच्या हातांवर अवलंबून आहेत. आणि आम्हा कार्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा की समोर उभे असलेले मूल आम्हाला दिसावे.

प्रभूची कृपा तुम्हा सर्वांबरोबर असो.

आपली सेवेतील बहीण